गोदाक्काचं धुपाटणं

बेंगळुरात बिऱ्हाड थाटलं त्या पहिल्याच संध्याकाळी मी शेजारच्या म्हातारीच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं.

सांडलं नाही, फेकलं, नेम धरून. माझी बाजू अशी, की शेजारचं दार बंद होतं, खिडक्या बंद होत्या, दाराच्या फटीतून धुराचे लोट बाहेर येत होते आणि आत कुणीतरी हळू आवाजात पुटपुटत होतं. कारखान्यात रुजू झालो तेव्हा आग लागल्यास काय करावं, हे आम्हा नव्या लोकांना एका दुपारी शिकवलं होतं. शिकवलेल्या गोष्टीचा उपयोग करायला मी आयुष्यभर टपलेला असतो. हौदावरची बादली उचलली, खांद्याने दार फोडायला धावलो. दाराला कडीच नव्हती, त्यामुळे अर्धा पडत-पडत आत शिरलो आणि धुरात जिथे काहीतरी लाल दिसलं तिकडे पाणी भिरकावलं.

चर्रर्र झालं. धूर एकदम पांढरा झाला आणि मग फाटत गेला. त्यातून आधी पितळेचं एक धुपाटणं दिसलं, मग ते धरलेला हात, मग एक उंच, काटकुळी बाई. डोक्यापासून निथळत होती. ओरडली नाही, रागावली नाही. डोळे मिटून तिने मान जराशी कलती केली, लांबचं काही ऐकत असल्यासारखी.

"धावत आलास," ती म्हणाली. "लहानपणी तुझी छाती भरायची. हो की नाही?"

भरायची. ही गोष्ट आमच्या घरच्यांनी माझं लग्न ठरेपर्यंत आणि मी लग्न झाल्यावरही मोठ्या काळजीने लपवून ठेवली होती. मागे वळून पाहिलं तर दारात कुसुम, म्हणजे माझी बायको, उभी. तिने ऐकलं होतं.

"विझवलंस तू, आता पेटव पण तूच," म्हातारी म्हणाली आणि ओलं धुपाटणं माझ्या हातात दिलं. तिच्या चुलीपुढे बसून मी नव्या निखाऱ्यांवर फुंकर घालत राहिलो. राख उडून तोंडावर बसली, डोळे गळायला लागले. माझं ते रूप पाहून कुसुम बेंगळुरात आल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हातारीने तिथल्या तिथे माझं नाव ठेवलं: बादलीराव. त्या वठारात मी शेवटपर्यंत बादलीरावच राहिलो. पुढे पुढे पोस्टमनसुद्धा मला त्या नावाने हाक मारून पत्र द्यायचा.

ती गोदाक्का. तोंडावर आम्ही तिला 'तुम्ही' म्हणायचो आणि पाठीमागे 'ती'. जवळच्या माणसाचं असंच असतं. तिचे पूर्वज कुठल्या पिढीत तंजावरकडून आले ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिची मराठी आमच्या मराठीची पणजी शोभेल अशी; मधे मधे कन्नड पेरलेली. "स्वल्प सरक," म्हणायची, म्हणजे जरा बाजूला हो. "सरी, सरी," म्हणायची, म्हणजे बोलणं पुरे. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत एका अंगणाभोवती एकमेकांना चिकटून बसलेली आमची घरं. असल्या घरांच्या घोळक्याला तिकडे वठार म्हणतात. मधे हौद, आणि एका बाजूला कोळशाच्या वखारीची उंच भिंत.

त्या काळी बेंगळूरच्या हवेचं केवढं नाव होतं. सांगलीहून निघताना जो तो म्हणाला, "मजा आहे बुवा, हवा खायला चाललास." ही बदली मी मागून घेतली ती हवेसाठीच. हवा होती, नाही असं नाही. पण आमच्या वठारापर्यंत येता येता ती वाटेत बरंच काही खाऊन यायची. सकाळी प्रत्येक घरापुढे आंघोळीचे बंब पेटत, त्यांत नारळाची सोडणं आणि लाकडाचा भुसा. घराघरांत कोळशाच्या शेगड्या. पलीकडे वखारीत पोती ओतायचं काम. वरून धुकं उतरायचं आणि हे सगळं झाकणासारखं दाबून धरायचं. त्या अंगणात उभं राहिलं की हवा दिसायची. दोरीवर वाळत घातलेले माझे पांढरे शर्ट संध्याकाळपर्यंत राखी होत. 'इथली हवा फार छान आहे' असं मी घरी पत्रात लिहायचो आणि लिहिता लिहिता खोकायचो.

गोदाक्काला मात्र हवेचंच भय होतं. तिच्या खोल्यांच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रांचे कागद खळीने चिकटवलेले होते, एकावर एक, पुठ्ठ्यासारखे जाड. फटींत चिंध्या कोंबलेल्या. मी एकदा विचारलं, "अक्का, उजेड तरी येऊ द्या की."

"उजेडाबरोबर तो पण येतो," ती म्हणाली.

"कोण तो?"

"बसणारा."

तिने त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्याला नाव असेल असंही नाही. धुक्यातून यायचा. उघडी खिडकी शोधायचा. माणूस निजला की छातीवर येऊन बसायचा आणि बसल्या-बसल्या शीळ घालायचा. लहान मुलांच्या छातीवर बसायला त्याला विशेष आवडे. त्याला थंड हवा मानवते आणि धूर सहन होत नाही, हे तिचं शास्त्र. म्हणून रोज दिवेलागणीला गोदाक्का धुपाटण्यात निखारे घ्यायची, त्यावर ऊद, ओवा, लसणीची सालं, कडुलिंबाचा पाला टाकायची आणि जिथे जिथे पाळणा आहे अशा प्रत्येक घरात फिरायची. आधी अंगणात धूर यायचा, मग धुरातून धुपाटणं, आणि सगळ्यांत शेवटी गोदाक्का. पाळण्याभोवती धुपाटणं ओवाळताना ती पुटपुटायची, "ऊठ, ऊठ, तुझी जागा नाही. ऊठ, ऊठ, तुझं घर नाही." आया मुलांना उचलून धुरावर धरत. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? आंघोळ झालेल्या बाळाला धुरी दिल्याशिवाय माझ्या आईने माझ्या एकाही भावंडाला निजवलं नव्हतं. धुराचा वास आला की घरात माया आहे असं आम्हाला वाटायचं.

ओवाळणं झालं की ती आपल्या पायरीवर येऊन बसायची, डोळे मिटून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे श्वास ऐकायची. यात काही गंमत असेल असं मला वाटायचं. एकदा संध्याकाळी लाइट गेली. काळोख मिट्ट. फाटकातून एकेक माणूस येत होता आणि गोदाक्का पायरीवरून प्रत्येकाचं नाव सांगत होती. पावलांवरून ओळखते म्हणावं तर मी मुद्दाम चपला हातात घेऊन गेलो. "बादलीराव," ती म्हणाली, "चपला घाल. काच लागेल."

श्वासावरून ती माणसाचं खोटंसुद्धा ओळखायची. एकदा कारखान्यातल्या मित्रांबरोबर हॉटेलात मसालादोसा हाणून मी उशिरा घरी आलो. अंगणातच कुसुमला म्हणालो, "अगं, काय करणार, साहेबांनी थांबवून घेतलं." पायरीवरून आवाज आला, "श्वास धरून बोललास."

"म्हणजे काय अक्का?"

"पाण्यात उडी मारणारा उडीआधी श्वास धरतो ना? खोटं बोलणारा पण धरतो. सांग, काय खाल्लंस?"

त्यानंतर श्वास चालू ठेवून खोटं बोलायचा मी पुष्कळ सराव केला. जमलं नाही. खोटं तरी विसरायचो, नाहीतर श्वास तरी. कुसुमला ही युक्ती फार आवडली. काही विचारलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची सोडून छातीकडे बघायला लागली.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. मग शामण्णांची गोष्ट झाली.

शामण्णा म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त हेडक्लार्क. बिडी तोंडात आणि खोकला बिडीच्या मागे. एका संध्याकाळी ते फाटकातून आत आले तेव्हा पायरीवर मी गोदाक्काजवळ बसलो होतो. तिने मान कलती केली.

"शामण्णा, आज एकटे नाही आलात."

शामण्णा हसले. मग हसता हसता त्यांनी मागे वळून पाहिलं. फाटकात कुणी नव्हतं, धुकं होतं. "काय अक्का, घाबरवता," म्हणाले आणि घरात गेले. त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं. रोज दिवेलागणीला गोदाक्का त्यांच्या उशाशी धूर करू लागली. धूर जास्त, खोकला जास्त. खोकला जास्त म्हणून धूर आणखी जास्त. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात उभे होतो, मी आणि कुसुम. आत ती ओवाळत होती, शामण्णांच्या छातीतून शिट्टी ऐकू येत होती, लांबच्या इंजिनासारखी. गोदाक्काचा हात मधेच थांबला. तिने धुपाटणं खाली केलं.

"उठला," ती म्हणाली.

शिट्टी थांबली होती. शामण्णांच्या सुनेने हंबरडा फोडला तो त्यानंतर. गोदाक्का धुरातून बाहेर आली आणि आमच्याजवळून जाताना स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "आता जागा शोधेल." कुसुमला तेव्हा दिवस गेलेले होते. तिने माझ्या शर्टाची बाही घट्ट पकडली ती घरात जाईपर्यंत सोडली नाही.

आमची नलू त्याच वठारात जन्मली. बाळंतपणाला कुसुम माहेरी गेली नाही. गोदाक्काने जाऊ दिलं नाही. "पोरीला प्रवासात वारा लागेल. मी आहे ना," म्हणाली. आणि होती. रात्ररात्र जागली, कुसुमच्या डोक्याला तेल लावलं, नलूला न्हाऊ-माखू घातलं. मला बाळ उचलता येत नसे. मी उचललं की ते माझ्याकडे कारकुनाने साहेबाकडे बघावं तसं बघायचं आणि रडायचं. गोदाक्काच्या हातात गेलं की गप्प. आमच्या खिडक्यांनाही कागद लागले. बाजेखाली शेगडी आली. दिवेलागणीला धुपाटणं सगळ्यांत आधी आमच्याकडे, आणि सगळ्यांत जास्त वेळ.

रघूबद्दल कुसुमला तिने त्याच दिवसांत सांगितलं. रघू तिचा मुलगा. शाळेत जायच्या वयाचाही झाला नव्हता. नवरा त्याआधीच गेलेला. शेजारच्या त्याच खोलीत, त्याच बंद खिडक्यांच्या आत, बसणारा रघूच्या छातीवर येऊन बसला होता. 'रघू गेला' असं ती म्हणत नसे. "उठला तो रघूला घेऊन उठला," असं म्हणायची. आणि का, हेही तिला पक्कं माहीत होतं. "त्या संध्याकाळी माझा डोळा लागला गं. विस्तव मंद झाला. धूर कमी पडला." तेव्हापासून तिने विस्तव मंद होऊ दिला नव्हता.

नलू रांगायला लागली त्या थंडीत तिच्या छातीत पहिल्यांदा शीळ वाजली.

दिवसा बरी असायची. संध्याकाळी धुपाटणं येऊन गेलं की तासाभरात सुरू. बारीक, सुरेल म्हणावी अशी शीळ. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. गोदाक्का तिच्या छातीला कान लावायची. "आलाय," म्हणायची. "मला ओळखलंय त्याने. मुद्दाम इथे आलाय." आणि आणखी ऊद टाकायची.

मी नलूला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची छाती तपासली, मग तिचं डोकं हुंगलं.

"घरात धूर किती असतो?"

"धूर असतो, पण चांगला," मी म्हणालो. "औषधी. ऊद, ओवा, कडुलिंब."

"फुप्फुसाला चांगला धूर आणि वाईट धूर असं कळत नाही हो," ते म्हणाले. "केसांना येतोय तोच वास आतही गेलाय. हिच्या श्वासाच्या नळ्या तुमच्या करंगळीपेक्षा बारीक. सुजल्या की हवा अशी शीळ घालते. शेगडी बाहेर काढा, धूप बंद करा, खिडक्या उघडा. औषध देतो, पण ते केलं नाहीत तर औषध वाया."

मी घरी येऊन कुसुमला सांगितलं. तिने नलूचं डोकं हुंगून पाहिलं. मग भिंतीकडे, म्हणजे पलीकडच्या खोलीकडे बघत म्हणाली, "हे त्यांना सांगायचं म्हणजे रघूचं सांगायचं."

तेच होतं ते. डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल, तर त्या संध्याकाळी विस्तव मंद झाला म्हणून रघू गेला नव्हता. एवढं वाक्य कुणी त्या बाईसमोर बोलायचं? इकडे नलूची छाती, तिकडे गोदाक्का. कारखान्यात मी यंत्रांचे नकाशे काढणारा माणूस. शास्त्र आपल्या बाजूला आहे असा माझा समज होता. ते शास्त्र घेऊन मी तिच्या पायरीपर्यंत दोनदा गेलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो.

शेवटी मी एक योजना काढली. माझ्या योजना बादलीसारख्याच असतात. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आम्ही आतून कडी लावली, दिवा लावला नाही, आणि घरी कुणी नसल्यासारखे अंधारात बसलो. नलू कुसुमच्या मांडीवर. खिडकीचा कागद थोडा फाडला होता. धुपाटण्याचा वास आधी आला, मग दाराखालून धुराची एक जीभ आत आली. पावलं दाराशी थांबली. मी श्वास अगदी हळू घेत होतो.

खूप वेळ काहीच झालं नाही. मग दाराला गाल लावून बोलल्यासारखा तिचा आवाज आला.

"बादलीराव, आत तुम्ही तिघं आहात."

आम्ही हललो नाही.

"आणि चौथा पण आहे," ती म्हणाली. "दार उघड रे. अंधारात त्याच्याबरोबर बसू नको."

आणि खरोखरच कुसुमच्या मांडीवर, काळोखात, शीळ सुरू झाली. ती नलूचीच होती, दाराखालून आलेल्या धुराने सुरू झालेली, हे मला आज कळतं. त्या क्षणी मात्र शास्त्र कुठे गेलं कोण जाणे. मी उठलो आणि कडी काढली.

ती धुरासकट आत आली. नलूचा श्वास पाहून तिचा चेहरा पार बदलला. मूठभर ऊद तिने एकदम निखाऱ्यांवर टाकला. खोलीत कुणी कुणाला दिसेना. "ऊठ, ऊठ, तुझी जागा नाही" चालू होतं, शीळ उंच उंच होत होती, आणि मग शीळ बंद झाली. छाती हलत होती, आवाज येत नव्हता. दिवा लावला तर नलूचे ओठ जांभळे.

मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण मी काहीच केलं नाही. कुसुमने पोरीला उचललं, गोदाक्काला बाजूला ढकललं आणि बाहेर धावली. अंगण, फाटक, गल्ली, थेट मोठ्या रस्त्यावर. रस्त्यावर बोचरा वारा होता. तिने नलूला शालीत धरून तोंड वाऱ्याकडे केलं. मागून मी, माझ्यामागून धुपाटणं घेतलेली गोदाक्का, "अय्यो, थंडीत नको गं, तो तिथेच असतो, थंडीत नको" असं ओरडत. कुसुम वळली नाही. हळूहळू शीळ परत आली. मग श्वास. मग रडणं. गल्लीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या लाल उजेडात गोदाक्का उभी होती आणि मान कलती करून ते रडणं ऐकत होती.

दुसऱ्या सकाळी कुसुम नलूला घेऊन शहराबाहेर येलहंक्याला आपल्या मामांकडे गेली. मामा तिथे रेल्वेत होते. घर स्टेशनापासून लांब, नाचणीच्या शेतांच्या कडेला. "मामांची तब्येत बरी नाही, म्हणून गेली," असं मी गोदाक्काला सांगितलं. ती माझ्या छातीकडे पाहत राहिली. "सरी," म्हणाली.

थोड्या दिवसांनी तीच माझ्याकडे आली. "माझी पोर मला दाखव." नाही म्हणायला माझ्याकडे श्वास उरला नव्हता. रविवारी बसने घेऊन गेलो. तिच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत धुपाटणं.

मामांच्या घराला तिन्ही बाजूंनी उघडी ओसरी. वारा इकडून शिरून तिकडून जात होता. नलू ओसरीवर उघड्या अंगाने बसून नाचणीचं कणीस चघळत होती. गोदाक्काने पिशवी खाली ठेवली, नलूला उचललं आणि तिच्या छातीला कान लावला. किती वेळ. मग पाठीला. मग परत छातीला. नलूला वाटलं खेळ चाललाय. ती तिचे पांढरे केस ओढून हसत होती.

"नाही," गोदाक्का म्हणाली. तिने ओसरीवर, अंगणात, शेताकडे पाहिलं. "इथे तर सगळं उघडं आहे. मग तो कुठे गेला?"

मला वाटलं, आपण कॉफी आणावी. कठीण प्रसंगी मला नेहमी कॉफी आठवते. स्वयंपाकघरात पेल्यांत कॉफी ओतत असताना तिचा आवाज ऐकू आला. फार हळू बोलली, पण घरात दुसरा आवाज नव्हता.

"कुसुम, खरं सांग गं. तो धुराने जातो, का धुराने येतो?"

तेवढ्यात लांबून मालगाडी निघाली आणि कुसुम काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. कॉफी घेऊन बाहेर आलो तेव्हा दोघी शेताकडे बघत होत्या. नलू गोदाक्काच्या मांडीवर निजली होती आणि गोदाक्काचा हात तिच्या छातीवर होता, उघडा, पसरलेला, वर-खाली होत. परतीच्या बसमध्ये पिशवी तिने मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली.

आम्हाला येलहंक्यातच घर मिळालं. उरलेलं सामान आणायला आम्ही तिघं वठारात गेलो ती संध्याकाळच होती. अंगणात पाऊल टाकलं आणि मी थबकलो. गोदाक्काच्या खिडक्या उघड्या होत्या. कागद खरवडून काढलेले, तावदानांवर खळीचे ओरखडे. उघड्या खिडक्यांच्या आत काळोख होता. इतक्या वर्षांत त्या खोलीत बाहेरून पहिल्यांदाच दिसत होतं आणि दिसण्यासारखं काही नव्हतं.

दिवेलागण झाली. गोदाक्का धुपाटणं घेऊन बाहेर आली. म्हणजे थांबली नव्हती तर. मी नलूला कुसुमकडे दिलं आणि स्वतः श्वास धरून उभा राहिलो. ती एका घरात गेली, दुसऱ्या घरात गेली. "ऊठ, ऊठ, तुझं घर नाही" ऐकू येत होतं. आया मुलांना उचलून धुपाटण्यावर धरत होत्या. मग ती आमच्याकडे आली. नलूभोवती धुपाटणं ओवाळलं, नेहमीसारखी फुंकर घातली. मी आत पाहिलं.

विस्तव नव्हता. राखसुद्धा नव्हती. चिंचेने घासून लख्ख केलेलं पितळ, आणि त्यात कण्हेरीची चार फुलं.

वठारातल्या कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शामण्णांची सून तर डोळे चोळत होती, डोळ्यांत धूर गेल्यासारखी.

गोदाक्का जवळ उभी होती म्हणून मला ते ऐकू आलं. शीळ. बारीक, सुरेल. मी आधी दचकून नलूकडे पाहिलं. नलू शांत होती. शीळ गोदाक्काच्या छातीतून येत होती.

"अक्का," मी म्हणालो, "डॉक्टरकडे जाऊ. मी नेतो तुम्हाला."

"स्वल्प हळू बोल," ती म्हणाली, जवळ कुणी निजलं असावं तशी. तिने हात छातीवर ठेवला. "बसू दे त्याला. माझ्या रघूजवळ शेवटी मी नव्हते रे, मी निजले होते. तोच होता."

मग ती आपल्या खोलीत गेली. दिवा लावला नाही. उघड्या खिडकीतून धुकं आत जात होतं, आणि काळोखात तिचा पांढरा हात तेवढा दिसत होता. छातीवर हळूहळू थोपटणारा, अंगाई म्हणताना थोपटतात तसा.

बसमध्ये नलू माझ्या खांद्यावर निजली होती. शहर मागे पडलं, उघडी शेतं लागली, खिडकीतून वारा यायला लागला, तेव्हा मी कुसुमला विचारलं, "त्या दिवशी ओसरीवर तू अक्कांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, धुराने जातो, अक्का."

"मग त्यांनी विस्तव का काढला?"

कुसुम खिडकीबाहेर बघत होती.

"सांगायच्या आधी मी श्वास धरला होता," ती म्हणाली.